सातव्या खटक्याचं खोटं

मी एक जुना डबा आहे, मित्रांनो. डबा म्हटल्यावर तुमच्या तोंडाला पाणी सुटलं असेल तर ते आधी गिळून टाका. मी खाऊचा डबा नाही. माझ्या पोटात एक अख्खी खोली मावते. मी चौदा वेळा पृथ्वीच्या वर, चारशे किलोमीटरवर जाऊन आलोय. आता मात्र कारखान्याच्या मागच्या अंगणात, पाण्याच्या टाकीशेजारी, चार लाकडी ओंडक्यांवर उभा आहे. डोक्यावर कबुतरं बसतात. त्यांचं मला काही वाटत नाही. माझ्या मनावर त्याहून जड ओझं आहे. आज ते तुमच्यापुढे उतरवतो.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. दोन वाट्या एकमेकींवर पालथ्या घालाव्यात तसे माझे दोन भाग जोडले. वेल्डर मोठा जपणारा माणूस होता. सांधा झाला की त्यावरून बोट फिरवायचा, जसं बाळाच्या गालावरून फिरवतात. मग मला दार बसलं. दाराला गोल रबर आणि रबराभोवती बारा खटके. बारा खटके लागले की दार घट्ट, आणि दाराशेजारचा लाल दिवा हिरवा. किती सोपं! पण सातवा खटका बसवताना फिटरला शिंक आली. खटका एक केसभर तिरका बसला. फिटरनं डोळा बारीक करून पाहिलं, नाक पुसलं आणि म्हणाला, "एवढ्यानं काय होतंय!"

मित्रांनो, माझ्या आयुष्यात माझ्या कानावर पडलेलं हे पहिलं वाक्य. तुमच्या कानावर अंगाई पडली असेल. ज्याचं त्याचं नशीब.

माझं काम असं. वर एक अंतराळ स्थानक फिरत असतं. तिथं सहा माणसं राहतात, आणि सहा माणसं म्हटली की मोजे लागतात, टूथपेस्ट लागते, बॅटऱ्या, औषधं, प्रयोगाच्या पेट्या, सगळंच लागतं. कोपऱ्यावर दुकान नाही. म्हणून आमची कंपनी सामान पोचवते. त्यासाठी पंख असलेलं एक यान आहे. रॉकेटवर बसून वर जातं आणि परत येताना विमानासारखं धावपट्टीवर उतरतं. कामगार त्याला 'महाराणी' म्हणतात. महाराणीच्या पोटात मी. ती उतरली की टाळ्या, फोटो, भाषणं. मी पोटातून बाहेर निघेपर्यंत लोक चहा पिऊन घरी गेलेले असायचे. पण माझी तक्रार नव्हती. मला दाद देणारं एक माणूस होतं. ताई.

ताई म्हणजे सामान भरणाऱ्यांची प्रमुख. वय पन्नाशीचं, आवाज भोंग्यासारखा, कमरेला पट्ट्यांचा जुडगा. माझ्यात सामान भरणं हे तिच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. वरच्या लोकांना जे आधी लागणार ते सगळ्यांत शेवटी भरायचं, म्हणजे दार उघडताच हाताशी येतं. प्रत्येक पिशवी वजन करून, प्रत्येक पट्टा ओढून, पट्ट्याचं शेपूट आत दुमडून. एकदा नव्या साहेबांनी विचारलं, "ताई, हे सगळं लक्षात कसं राहतं?" ताई म्हणाली, "मी सासरी अकरा माणसांचं कपाट लावलंय. हे काय, सहाच जणांचं आहे."

आमच्याकडे एक रीत होती. डब्यातून ज्याचा हात शेवटी बाहेर येईल, त्यानं दार लागल्यावर बाहेरच्या चिठ्ठीवर सही करायची. शेवटचा हात नेहमी ताईचा. म्हणून सहीही ताईची. पुढं काही झालं तर पहिलं बोट त्या सहीकडे.

सही करण्याआधी ताई स्वतःची एक परीक्षा घ्यायची. ती कुठल्याच नियमात नव्हती. जुन्या कॅलेंडरच्या पानाची एक पट्टी ती दारात अडकवून ठेवायची, आणि दार लागलं की ती पट्टी ओढून पाहायची. पट्टी हलली नाही तर रबर घट्ट. सुळकन निघाली तर दार सैल. लोक हसायचे. ताई म्हणायची, "हसा. माझा फ्रिज वीस वर्षं चाललाय तो याच्यावरच."

दार लावायचं काम तिच्या धाकट्या भावाचं. आईवडील लवकर गेले, तेव्हापासून ताईनंच त्याला वाढवला, शिकवला आणि या नोकरीला चिकटवला. दोघं एकाच घरात राहायची. ताई खाली, तो बायको-मुलांसह वर. कारखान्यात सगळे त्याला 'चापट' म्हणायचे. का ते ऐका.

चौथ्या खेपेला माझा सातवा खटका पूर्ण बसेना. दिवा लाल. सगळे घामाघूम. ताईच्या भावानं हात उचलला आणि दिव्याखाली सणसणीत चापट मारली. दिव्यामागे एक छोटी पिन असते. ती चापटीनं जागची सरकली आणि दिवा हिरवा झाला. खटका होता तसाच होता हं, तिरका. पण दिवा हिरवा! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. "शाब्बास रे चापट! शाब्बास रे डब्या!"

शाब्बासकीची चव मला तेव्हा कळली. खरं सांगायचं तर भीतीही होती. माझ्या शेजारी एक नवा कोरा डबा आणून ठेवला होता, अजून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला, सुटीला आलेल्या पाहुण्यासारखा. "जुन्यानं कटकट केली तर नव्याला काढू," असं सगळे येता-जाता बोलायचे. मग मी कटकट केली नाही. चापट पडली की मी हिरवा. पाचव्या खेपेला, सहाव्या खेपेला, दर खेपेला. बाकीचे अकरा खटके इमानदार होते, त्यांनी निभावून नेलं. ताईचा कागदही अडकून राहायचा, पण दर खेपेला रबर थोडं थोडं झिजत होतं. हळूहळू चापट ही कामाची एक पायरीच झाली. नवीन माणूस आला की त्याला शिकवायचे: रबर पुसा, खटके लावा, चापट मारा.

आणि मग चौदावी खेप आली.

त्या दिवशी घाई होती. आमच्या मोठ्या साहेबांना सगळे 'घड्याळसाहेब' म्हणत, कारण ते माणसाशी कमी आणि मनगटाशी जास्त बोलत. वरच्या स्थानकाचा संडास बिघडला होता. त्याचा पंप माझ्यातून जायचा होता. शिवाय वरच्या शेतीवाल्या बाईंसाठी अठ्ठावीस रोपं होती, जाळीच्या झाकणाच्या पेट्यांत. दोन वर्षांच्या मेहनतीची. ताईनं ती स्वतःच्या हातानं बसवली आणि जाताना म्हणाली, "नीट जा गं बायांनो."

दार लागलं. दिवा लाल. चापट पडली. दिवा हिरवा. ताईनं कागद ओढला. कागद सुळकन तिच्या हातात.

"अरे, कागद निघतोय," ताई म्हणाली.

"कुठं?"

"सातव्यापाशी. तेल लावल्यासारखा."

"ताई, दिवा बघ ना. हिरवाय."

"तू मारलीस म्हणून हिरवाय."

"मग? दहा खेपा अशाच गेल्या ना? आता काय नवीन?"

घड्याळसाहेब धावत आले. "काय झालं? अकरा मिनिटं राहिलीत!"

"साहेब, दार पुन्हा उघडून लावू. कागद निघतोय."

"कागद? कसला कागद?" साहेबांनी ती पट्टी चिमटीत धरून उलटीपालटी केली. "बाई, आपण अंतराळात माल पाठवतोय, फ्रिज विकत नाही! दिवा काय सांगतोय?"

"हिरवा," चापट म्हणाला.

"मग सही करा. दहा मिनिटं."

ताईनं पेन काढलं. पण लगेच सही केली नाही. माझ्या अंगावर तळवा ठेवला आणि हळूच विचारलं, "खरं ना रे?"

मित्रांनो, मला कुणी कधी काही विचारत नसे. आयुष्यात एकदाच विचारलं, आणि तेही ताईनं. मी हिरवा राहिलो. तिनं सही केली.

पुढं काय झालं ते सांगताना माझा पत्रा आजही तापतो. महाराणी वर गेली. वर हवा नसते, म्हणून माझ्या पोटातली हवा सातव्या खटक्यापाशी बारीक फट शोधून निघाली. सूं. तुम्हाला ऐकू आलं नसतं, पण मला येत होतं. खाली नियंत्रणकक्षात हवेचा काटा उतरू लागला. तिथल्या हुशार लोकांनी बैठक घेतली. "काटा उतरतोय." "पण दिवा हिरवा आहे." "म्हणजे काटा बिघडलाय." ठराव एकमतानं मंजूर. त्यांनी काट्यावर कागदाचा तुकडा चिकटवला: 'बिघडलेला आहे, पाहू नये.'

आत काय गोंधळ! हवा गेली तशी बंद पाकिटं फुगायला लागली. बिस्किटांचे पुडे उशा झाले. टोमॅटोच्या रसाच्या पिशव्या फुटल्या. दाढीच्या फेसाच्या बाटल्यांनी तर ताळच सोडला. टूथपेस्टच्या नळ्यांतून पेस्ट निघाली ती पंपात शिरली. पिठाचे पुडे फाटले. ताईचा पट्टा मात्र शेवटपर्यंत एकही सुटला नाही. ज्या पिशव्या फुटल्या त्या जागच्या जागी, शिस्तीत फुटल्या.

स्थानकावर पोचल्यावर वरच्यांनी स्वतःची राखीव हवा माझ्यात भरली आणि दार उघडलं. दारात त्यांचे कप्तान उभे होते, हसतमुख, पंप घ्यायला हात पुढे. हवेच्या झोतानं घुसळलेला तो सगळा ऐवज तरंगत बाहेर आला. कप्तान आधी पांढरे झाले, मग लाल. पीठ पाहून धुराचे भोंगे वाजले. स्थानकाला वाटलं आग लागली, त्यानं आपले पंखे आपणच बंद केले. सहा माणसं फेसात आणि रसात पोहत एकमेकांना विचारत होती, "तू कोण?" डॉक्टरांनी तर कप्तानांच्या मिशा समजून एक फेसाचा गोळाच ओढला. संडासाच्या पंपातली पेस्ट काढायला एकोणीस दिवस लागले. त्या एकोणीस दिवसांबद्दल विचारू नका. ते सहाही जण आजतागायत त्याविषयी बोलत नाहीत.

इथपर्यंत तुम्ही हसला असाल. हसा. पण शेतीवाल्या बाईंनी त्या गोंधळातून पेट्या शोधून काढल्या. जाळीची झाकणं उघडली. अठ्ठावीसही रोपं काळी पडली होती. त्यांनी बाहीनं प्रत्येक पेटी पुसली आणि परत जागेवर लावली. जणू आत काही होतं.

त्यानंतर मी कुठल्याच गोष्टीला मनापासून हसलो नाही.

खाली आल्यावर चौकशी बसली. पाच जणांची समिती, पाच फायली, पाच बाटल्या पाणी. त्यांनी ताईला बोलावलं.

"सही तुमची?"

"माझी."

"दार सैल होतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"कागद निघत होता."

"कागदाचा नियम कुठल्या पानावर आहे?"

"कुठल्याच नाही."

"दिवा?"

ताईनं भावाकडे पाहिलं. तो खिडकीतून बाहेर बघत होता. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोर भिंत होती. ताई म्हणाली, "हिरवा होता."

चापटीचं ती बोलली नाही. भावाची नोकरी गेली असती. घरात वरच्या मजल्यावर दोन शाळकरी भाचरं होती.

मग समितीनं माझी तपासणी केली. "दार लावा," म्हणाले. भावानं दार लावलं. दिवा लाल. आणि सवयीनं त्याचा हात उठला, चापट बसली, मी हिरवा! समितीनं लिहून घेतलं: 'दिवा उत्तम स्थितीत.' पाच सह्या. भाऊ नुसता आपल्या हाताकडे बघत राहिला.

निकाल असा लागला: सामान भरणाऱ्याचा निष्काळजीपणा. ताईला दारावरून काढलं आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पट्टे धुवायला बसवलं. जिनं सत्तावीस वर्षं पट्टे बांधले, ती आता दुसऱ्यांनी बांधलेले पट्टे साबणाच्या टबात घुसळू लागली. शेडच्या फटीतून मला ती दिसायची. रबरी बूट, ओली कोपरं. येता-जाता लोक "काय ताई" म्हणायचे, पण त्यांची नजर तिच्याकडे नसायची.

ती माझ्यावर एकदाही चिडली नाही. हेच मला सहन होईना. एखादी लाथ मारली असती तर बरं वाटलं असतं.

तीन महिन्यांनी पंधरावी खेप ठरली. कंपनीला दाखवायचं होतं की सगळं सुरळीत आहे. म्हणून एका बड्या पाहुण्यांना बोलावलं. छापील पत्रक, गुळगुळीत कागद, वर महाराणीचा फोटो. ताईच्या जागी एक चष्मेवाला पॅकर आला होता. भला माणूस, पण पट्टे असे बांधायचा जसे काही ते त्याला चावतील. त्यानं शेवटचा हात बाहेर काढला. दार लागलं. दिवा लाल.

भावानं चापट मारली. आणि मित्रांनो, मी सगळा जीव त्या पिनेत एकवटला आणि तिला घट्ट धरून ठेवली. नंतर फिटर म्हणाला की पिन गंजली होती. असेल. फिटरला काय, शिंक आली की खटका तिरका बसवतो. मला विचाराल तर मी धरली होती.

दिवा लाल.

दुसरी चापट. लाल. "काय चाललंय?" म्हणत घड्याळसाहेबांनी स्वतः फाईलनं हाणलं. फाईलीतले कागद उडाले, मी लाल. सुरक्षा अधिकारी पुढे आले, त्यांनी बुटाची ठोकर दिली आणि मग एका पायावर नाचत बाजूला गेले. लाल. पाहुण्यांना वाटलं ही आमच्याकडची पद्धतच आहे. त्यांनी हातमोजे घातले आणि नम्रपणे विचारलं, "मी पण मारू का?" त्यांनीही एक मारली. मला वाटतं, त्या दिवशी चहावाला सोडून सगळ्यांचा हात माझ्यावर पडला.

"मार जोरात!" घड्याळसाहेब भावावर ओरडले. "सात मिनिटं!"

त्यानं हात उचलला. तळवा लालबुंद झाला होता, माझ्या दिव्यासारखाच. हात तसाच वर राहिला. मग खाली आला.

"नाही साहेब. तो बरोबर सांगतोय."

"कोण?"

"डबा. दार सैल आहे. मागच्या खेपेलाही होतं. ताईनं सांगितलं होतं. दिवा मी हिरवा केला. चौकशीत मी गप्प बसलो."

"अरे, हे आत्ता बोलायची वेळ आहे का?"

"वेळ तेव्हाच होती साहेब. ती मी घालवली."

कुणीतरी धावत जाऊन ताईला आणलं. ती तशीच आली, रबरी बुटात, हाताला फेस. भावाकडे तिनं पाहिलंही नाही. कॅलेंडर जवळ नव्हतं. तिनं पाहुण्यांच्या हातातलं गुळगुळीत पत्रक मागितलं, त्याची एक पट्टी फाडली, महाराणीच्या फोटोच्या बरोबर मधून, दारात अडकवली आणि दार लावायला सांगितलं. मग पट्टीचं टोक पाहुण्यांपुढे धरलं.

"ओढा."

पाहुण्यांनी दोन बोटांनी ओढलं. महाराणी अर्धी होऊन सुळकन बाहेर आली.

घड्याळसाहेबांनीसुद्धा मनगटाकडे पाहिलं नाही. खेप रद्द झाली. माझ्या सातव्या खटक्याची बैठकच वाकडी निघाली, दुरुस्तीपलीकडची. प्लास्टिकमधला नवा डबा अखेर बाहेर काढला. माझा दिवा काढून घेतला आणि मला इथं टाकीशेजारी आणून उभं केलं.

ताई परत दारावर गेली. भाऊ शेडमध्ये, पट्टे धुवायला. एक दिवस ती त्याच्या टबाशी येऊन उभी राहिली. मी इथून ऐकलं.

"ताई, मी गप्प बसायला नको होतं."

"तुझ्या गप्प बसण्याचं काही नाही रे. मी तुझ्यासाठी गप्प बसले आणि तू मला बसू दिलंस, त्याचं वाईट वाटतं." मग म्हणाली, "कोपरं कोरडी कर, खाज सुटते. आणि जेवायला खाली ये. वर तोंड लपवून गिळत बसू नको."

कागदाची परीक्षा आता नियमात आली आहे. अकरा पानी फॉर्म आहे. कागद मंजूर मापाचा, सीलबंद पाकिटातून काढायचा. ताई फॉर्म भरते आणि कागद कॅलेंडरचाच वापरते. वरच्या शेतीवाल्या बाईंना पुढच्या खेपेत नवी अठ्ठावीस रोपं गेली. ती जगली असं ऐकतो. पण ती ती नव्हेत. जी गेली ती माझ्याच पोटात गेली.

मित्रांनो, तुमच्या घरीही काहीतरी अडतं. रिमोट, रेडिओ, कधी धाकटा भाऊ. लगेच चापट मारू नका. चापटीनं तो "हो" म्हणेल, पण ते "हो" तुमच्या भीतीचं असेल. आधी विचारा, कुठं दुखतंय. आणि तुम्हालाच कुणी विश्वासानं हात ठेवून विचारलं, "खरं ना रे?" तर शेजारी नवा डबा असो नाहीतर टाळ्या वाजवणारी अख्खी शेड असो, लाल असाल तर लाल राहा. माझ्यासारखं अकरा खेपा उशिरा नको.

माझ्या दारावर त्या खेपेची चिठ्ठी अजून आहे. उन्हानं शाई विटली, पण ताईची सही वाचता येते. रंगारी आला होता, त्याला तिनं तेवढी जागा सोडायला लावली. नवीन मुली-मुलगे कामाला लागले की ती त्यांना आधी इथं आणते, हातात एक पट्टी देते आणि सातव्या खटक्यापाशी ओढायला लावते. कुणी नसलं तरी संध्याकाळी घरी जाताना ती एकटी येते. पट्टी अडकवते, ओढते. सुळकन निघते.

मी आता काही लपवत नाही.